कानामागचा दिवा

रणधीर कडलग त्या दिवशी ऐकायला आला होता.

ऐकायला येण्याचीही एक रीत असते. दहाची वेळ दिली असली की साडेअकराला पोचायचं. तोवर ज्यांचं ऐकायचं ती माणसं नुसत्या आगमनानंच भरून पावलेली असतात. बरोबर पंधरा-वीस कार्यकर्ते आणायचे. त्यांनी पुढच्या दोन रांगा धरायच्या आणि बोलणाऱ्यांनी मागे सरकायचं. मग शाल, मग गुलाबांचा हार, मग चांदीचा मुलामा दिलेला द्राक्षांचा घड, मग फोटो, मग ज्यांचे डोळे मिटलेले आले त्यांचा पुन्हा फोटो. हे सगळं उरकल्यावर जो वेळ शिल्लक राहतो त्यात ऐकायचं.

उत्तरा रायरीकर भिंतीलगतच्या खुर्चीत बसून हे पाहत होती. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळच्या हॉटेलातलं सभागृह होतं. व्यासपीठामागच्या फलकावर 'नवे तंत्र, नवे शहर : उद्योजकांशी थेट संवाद' असं लिहिलं होतं. महापौर थेट मतदारांनी निवडायचा असं ठरल्यानंतरची ही दुसरी निवडणूक, आणि कडलग तिच्यातला सगळ्यांत वजनदार उमेदवार. शहरातल्या तंत्रज्ञान-उद्योजकांनी त्याला बोलावलं होतं की त्यानं त्यांना बोलावून घेतलं होतं, हे दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे मोघम ठेवलं होतं. सकाळपासून 'कोलॅबोरेशन' हा शब्द जो उठेल तो उच्चारत होता. प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ एकच होता: निवडून आलात की काम मला द्या.

कडलगच्या उजव्या कानात त्या दिवशी उत्तराची कर्णिका होती. उद्योजक संघटनेच्या सगळ्या सभासदांच्याही कानात होती. ही कल्पना तिच्या नवऱ्याची, कौस्तुभची. दोघांच्या कंपनीत यंत्राची बाजू उत्तरा पाहायची आणि माणसांची बाजू कौस्तुभ.

कर्णिका मुळात ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी होती. साधं श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं. लग्नाच्या मांडवात ते लावलं तर समोरच्याच्या शब्दांइतकाच बँडही मोठा होतो, आणि माणूस वैतागून यंत्र खिशात टाकतो. शाबूत कानांची माणसं अशा गोंगाटात एकाचंच बोलणं कसं वेचून घेतात? ते काम कान करत नाही, मेंदू करतो. बोलण्याचा आवाज अक्षरागणिक चढतो, उतरतो. आपण एखाद्याचं लक्षपूर्वक ऐकू लागलो की मेंदूतल्या संथ विद्युतलहरी त्या चढउताराला लागून चालू लागतात, जशी एखाद्याच्या चालीला चाल मिळते. दोघं एकदम बोलत असले तरी लहर ज्याचं ऐकायचं त्याच्याच मागं जाते. कानाच्या पोकळीत बसवलेल्या बारीक धातूच्या टिकल्यांना या लहरींचा पुसटसा माग लागतो. कर्णिका तो माग आजूबाजूच्या प्रत्येक आवाजाशी ताडून पाहायची, ज्याच्याशी जुळेल तेवढाच आवाज मोठा करायची आणि बाकीचे दाबून टाकायची.

कानामागं तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा दिवा होता. यंत्राला माग लागलाय की नाही, हे बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बाहेरून कळावं, एवढ्यासाठी उत्तरानं तो ठेवला होता. लागला, म्हणजे हा माणूस कुणाचं तरी ऐकतोय. विझला, म्हणजे नाही. मान डोलावता येते, 'अगदी अगदी' म्हणता येतं, डोळ्यांत पाणीही आणता येतं. पण त्या लहरींना हुकूम सोडता येत नाही. दिव्याचा हा दुसरा उपयोग आधी कौस्तुभच्याच लक्षात आला होता.

"पहिला नेता जो खरंच ऐकतो," त्यानं कडलगच्या माणसांना सांगितलं होतं. "आणि लोकांना ते दिसतं."

दिवे मंद करून पडद्यावर चित्रं सुरू झाली. संघटनेचा अध्यक्ष तेजस पारख उठला. गटारांची पाहणी करणारे ड्रोन हा त्याचा धंदा.

"भाऊ, आपल्या शहरातल्या ड्रेनेजचा डेटाच नाहीये कुणाकडे," पारख म्हणाला. "आमची टीम तीन महिन्यांत सगळं मॅपिंग करून देऊ शकते. फक्त पालिकेनं कोलॅबोरेशनचा हात पुढं करायला हवा."

"हात पुढं करायला हवा," कडलग गंभीरपणे म्हणाला. "बरोबर."

ही त्याची प्रसिद्ध लकब. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द तो हळूच परत करायचा, आणि बोलणारा धन्य व्हायचा. उत्तराला त्यामागचं कारण माहीत होतं. कानावर पडलेला आवाज, लक्ष दिलं नाही तरी, मेंदूत तीन-चार सेकंद तसाच रेंगाळतो. त्यातली शेपटी उचलून परत द्यायला ऐकावं लागत नाही.

कडलगच्या कानामागं अंधार होता.

तिनं मान वळवून सभागृह पाहिलं. पारख बोलत होता आणि त्याच्या चाळीसेक व्यवसायबंधूंपैकी एकाचाही दिवा लागलेला नव्हता. प्रत्येक जण मनातल्या मनात आपलं भाषण घोळवत होता. पुढचा उठला, तो द्राक्षबागांतल्या ओलाव्याचे सेन्सर बनवणारा. आता पारखचाही दिवा विझलेला. त्यानंतर वाहतुकीचे सिग्नल शहाणे करणारा एक जण, मग आणखी एक. सगळ्यांनी शहराच्या भल्याचं सांगितलं आणि एकानंही दुसऱ्याचं अक्षर ऐकलं नाही. आपण बनवलेली वस्तू इतकी बिनचूक चालतेय, याचा उत्तराला आनंद व्हायला हवा होता. तिला शिसारी आली.

मग कडलग बोलायला उभा राहिला.

"मी आज बोलायला आलेलो नाही," तो म्हणाला, "मी ऐकायला आलोय." आणि त्याच्या कानामागं हिरवा दिवा लख्ख लागला.

सभागृहात कुजबूज झाली. तो बोलत राहिला आणि दिवा लागलेलाच राहिला. तो थांबला की विझे, बोलू लागला की लागे. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कार्यकर्त्यांनी मोबाइल वर धरले. पारख उभा राहून टाळ्या वाजवत होता. माणूस स्वतः बोलताना त्याचा ऐकण्याचा दिवा कसा लागतो, हा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्या एकाही इंजिनिअरला पडला नाही.

उत्तराला मात्र पडला. तिनं कौस्तुभला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं.

"भाऊंची कर्णिका कशावर शिकवलीस तू?"

प्रत्येकाच्या मेंदूची लहर थोडी वेगळी असते. म्हणून यंत्र पहिल्यांदा घालताना त्या माणसाला दहा मिनिटं काहीतरी लक्ष देऊन ऐकावं लागतं, त्यावरून यंत्र त्याची ओळख करून घेतं. त्यासाठी उत्तरानं मधमाश्यांवरचा एक सोपा पाठ ध्वनिमुद्रित करून ठेवला होता.

कौस्तुभनं नजर चुकवली. "मधमाश्यांवर जमेना गं. दोनदा लावला. मध्येच फोन घेतला, मध्येच माणसं आली. माणसं गेल्यावरही दिवा काही लागेना. दहा मिनिटं सलग लक्ष नाही देता येत त्यांना."

"मग?"

"मग त्यांचंच एक भाषण लावलं. चौकातल्या सभेचं. एकदम मस्त सिग्नल आला."

माणूस स्वतः बोलतो तेव्हा जबड्याचे स्नायू हलतात, आणि त्यांचा विद्युत गोंगाट मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणून घालणाऱ्याचा स्वतःचा आवाज ओळखून तेवढा वेळ मोजमाप थांबवायचं, अशी सोय तिनं केली होती. कौस्तुभनं नेमका तोच आवाज ऐकण्याजोगा आवाज म्हणून यंत्राला शिकवला होता, त्यामुळे मोजमाप थांबतच नव्हतं.

"म्हणजे आता दिवा त्यांच्या जबड्यावर लागतोय," ती म्हणाली. "तो माणूस स्वतःचंसुद्धा ऐकत नाही, कौस्तुभ."

"टाळ्या ऐकल्यास का तू?" कौस्तुभ म्हणाला.

आतून कडलगचा स्वीय सहायक वाकचौरे बाहेर आला. घामानं चकाकणारा, हसरा माणूस. "मॅडम, एक नंबर काम झालंय. भाऊ जाम खूश आहेत. आता फक्त एक करा. प्रचार संपेपर्यंत ती लाइट चालूच राहू द्या. लोक बोलत असताना बंद पडली तर बरं दिसत नाही ना."

"लोक बोलत असतानाच तर तिनं काम करायचंय," उत्तरा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," वाकचौरे म्हणाला.

त्या संध्याकाळी कंपनीच्या कार्यशाळेत कौस्तुभनं आपली बाजू मांडली. त्याची बाजू पोकळ नव्हती, हीच पंचाईत होती. कडलग महापौर झाला तर पालिकेच्या दवाखान्यांतून शहरातल्या प्रत्येक कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला कर्णिका द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. नाहीतर कर्णिका या कार्यशाळेबाहेर जाणार कशी? आजवर हातानं बनवून जेमतेम शंभर माणसांना दिल्या होत्या. त्यांतले एक निवृत्त सोनार बारशाच्या कालव्यात बहिणीचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं म्हणून दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले होते आणि बराच वेळ नुसते बसून राहिले होते.

"एका कानात खोटं," कौस्तुभ म्हणाला, "आणि हजारो कानांत खरं. हिशेब इतका अवघड आहे का?"

"एका कानातला दिवा खोटा ठरला की बाकीच्यांचा खरा आहे हे कुणी कशाला मानेल?"

"कुणाला कळणार आहे? मगाशी कळलं का कुणाला?"

"मला कळलं."

"तुला," कौस्तुभ म्हणाला, आणि किल्ल्या उचलून दाराकडं गेला.

कडलगला नकार स्वतः द्यायचा असं ठरवून दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरा त्याच्या संपर्क कार्यालयात गेली. बाहेर माणसांची रीघ होती. आतल्या खोलीत कडलग मोरीपाशी उभा राहून मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होता. व्यासपीठावरचा तो माणूस जवळून पाहिला तर दमलेला, पोट सुटलेला, दाढीचे खुंट वाढलेला साधा गृहस्थ होता. यंत्र तपासायच्या सवयीनं ती कर्णिका घालूनच आली होती. त्याच्या कानात नव्हती.

"बसा ताई. घसा बसलाय, हळू बोलतो," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर म्हणाले, तुम्ही ऐकत नाही."

"दिवा कायम चालू ठेवता येतो," उत्तरा म्हणाली. "एक वायर जोडायचं काम आहे. पण मग ती कर्णिका राहत नाही."

"मग काय राहतं?"

"दिवा."

"मला तेवढाच पाहिजे." तो खुर्चीत बसला. "बाकीचं तुमच्याकडं ठेवा."

तिनं त्याला जबड्याचं सांगितलं. शक्य तितक्या सरळ शब्दांत, कुठलीही भीड न ठेवता सांगितलं. टाळ्या पडल्या तेव्हा त्याचा दिवा ऐकण्यानं लागलेला नव्हता, जबडा हलल्यानं लागला होता.

कडलगनं विचार केला. "म्हणजे मी नुसतं पान चघळलं असतं तरी लागला असता?"

"मिटमिटला तरी असता."

"मजा आहे." त्याला खरोखरच मजा वाटत होती. "आणखी कुणाला सांगितलंत हे?"

"पारखांना सांगितलं. ते म्हणाले, निवडणुकीनंतर बोलू."

"पारख हुशार आहे." त्यानं कोमट पाण्याचा घोट घेतला. "ताई, मी तुम्हाला एक विचारू? बाहेर माणसं बघितलीत. रोज एवढी येतात. एकाचं जरी मनापासून ऐकलं ना, तर पुढच्या चार जणांचं ऐकायची ताकद राहत नाही. मी सुरुवातीला करून बघितलंय. दोन महिन्यांत आजारी पडलो. मग शिकलो. आपलं ऐकून घेतलं असं माणसाला वाटलं की तो घरी जातो. काम झालं नाही तरी जातो. आणि काम झालं पण ऐकून घेतलं नाही, तर शिव्या देत जातो. तुमच्या यंत्रानं हे कधी मोजलंय का?"

"नाही."

"मोजा. त्याच्यावर चालतं सगळं."

हा माणूस मूर्ख असता तर बरं झालं असतं, असं उत्तराच्या मनात आलं. मूर्खाचा तिरस्कार करायला फारसे कष्ट पडत नाहीत. हा सगळं समजून उमजून करत होता, आणि वर ते दयाळूपणासारखं मांडत होता.

कडलग तिच्याकडं निरखून पाहत होता. मग त्यानं मोबाइल उचलला, तिच्या कानाच्या बाजूनं एक फोटो काढला आणि पडदा तिच्यापुढं धरला.

"आल्यापासून लागलाय," तो म्हणाला. "मी बोलताना एकदाही विझला नाही. माझ्या बायकोनंसुद्धा माझं इतकं मन लावून ऐकलेलं नाही हो."

फोटोत तिच्या कानामागं हिरवा ठिपका होता.

"मला तुमचं एक अक्षरही पटलेलं नाही," उत्तरा म्हणाली.

"पटलं कुठं म्हणतोय मी? ऐकलं म्हणतोय." तो उठला, भेट संपली होती. "मिस्टरांना विचारा, त्यांच्यासाठी किती लागतो. आणि विचार करा. तुम्ही नाही केलं तर दुसरा कोणी करून देईल, पण मला शक्यतो मूळ माणसाकडूनच घ्यायला आवडतं."

घरी जाताना रिक्षात तिनं ते मनाशी तपासलं. यात गूढ काही नव्हतं. लहर आवाजाच्या मागं जाते. ऐकणाऱ्याच्या मनात माया आहे की तिटकारा, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आणि तिटकाऱ्याइतकं एकाग्र दुसरं काय असतं? कौस्तुभ कडलगच्या माणसांशी बोलू लागल्यापासून ती त्या माणसाची भाषणं, त्याच्या मुलाखती, त्याच्या खोकण्याच्या जागासुद्धा जिवाचा कान करून ऐकत होती. त्याच्या मतदारांनीही त्याला इतकं लक्ष दिलं नसेल.

कौस्तुभ स्वयंपाकघरात कांदा चिरत होता.

"माझा दिवा बघत जायचास का तू?" तिनं विचारलं. "घरी मी यंत्र तपासायला कानात घालून बसायचे, तेव्हा?"

त्यानं सुरी खाली ठेवली नाही. "बघायचो."

"लागायचा?"

"तू बोलत असलीस की माझा लागतो का, हे तू बघायचीस. तुला ते चाचणीसाठी हवं असायचं. मी बोलत असलो की तुझा बघायचो मी." त्यानं चिरलेला कांदा ताटलीत ओढला. "आधी आधी लागायचा. मग यंत्राबद्दल बोललो तरच लागायचा. मग तेव्हाही नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तेव्हाही विझलेलाच होता."

आता तरी तो लागला असेल का, हे त्याला विचारावं असं तिला वाटलं. तिनं विचारलं नाही. कर्णिका कानातून काढून तिनं ओट्यावर ठेवली.

"खोटा दिवा असता ना," कौस्तुभ म्हणाला, "तर आपलं बरं चाललं असतं. मी रागानं नाही म्हणत. खरंच चाललं असतं."

ते खरं होतं. आणि तिथंच उत्तराचा निर्णय पक्का झाला. तिच्याविरुद्ध त्या दिव्याइतकी चोख साक्ष आजवर कुणी दिली नव्हती. ज्या वस्तूनं बनवणारीचीही भीड ठेवली नाही, ती एका उमेदवाराच्या सोयीसाठी वाकवायची, हे तिच्यानं होणार नव्हतं. तिनं तसं सांगितलं. कौस्तुभनं वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात तो पारखच्या कंपनीत गेला. घर त्यानं सोडलं नाही; दोघांनीही तो विषय काढला नाही.

वायर जोडायचं काम पारखच्या माणसांनी एकाच दुपारी उरकलं. धातूच्या टिकल्या नकोत, ताडून पाहणं नको, मधमाश्या नकोत. प्लॅस्टिकचं कवच, चिमुकली बॅटरी आणि हिरवा दिवा. नाव 'श्रोता' ठेवलं. प्रचारभर कडलगच्या कानामागं तो अहोरात्र तेवत राहिला, आणि बायका पोरांना उचलून दाखवू लागल्या: बघ, साहेब ऐकतायत. तो भरघोस मतांनी निवडून आला. विरोधी उमेदवारानंही शेवटच्या आठवड्यात श्रोता लावला होता. त्याला उशीर झाला, असं विश्लेषकांचं मत पडलं. हे सांगताना विश्लेषकांच्याही कानामागं दिवे होते.

मग लोण पसरलं. बँकेतल्या काउंटरवर, शाळेच्या पालकसभेत, डॉक्टरांच्या कानामागं, मुलगी पाहायला आलेल्या मुलाच्या कानामागं. दिवा नसलेल्या माणसाशी बोलणं लोकांना अपमान वाटू लागला. मेंदूच्या लहरी टिपणारी खरी कर्णिका घालून हिंडणारा एखादा म्हातारा मध्येच विझायचा, तेव्हा आजूबाजूची माणसं दुखावली जायची. निवृत्त सोनार एक दिवस कर्णिका परत करायला आले. ऐकू छान येतं, म्हणाले, पण सून म्हणते तुम्ही माझ्याकडं दुर्लक्ष करता. उत्तरानं दिवा काढून देण्याची तयारी दाखवली. ते ओशाळून म्हणाले, दिवाच नसला तर मग ती काय म्हणेल?

कडलगनं शब्द पाळला, हे मात्र सांगायला हवं. वर्षभरात पालिकेनं ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्रं देण्याची योजना जाहीर केली. पुरवठादारांसाठीच्या तांत्रिक अटींत आवाजाची स्पष्टता, वजन, बॅटरीचं आयुष्य असं सगळं रीतसर होतं आणि एक अट अशी होती: वापराच्या संपूर्ण कालावधीत दर्शक दिवा अखंड प्रज्वलित राहणे आवश्यक. चाचणीत कर्णिका वारंवार विझली. सदोष म्हणून ती बाद झाली. पारखचं यंत्र, ज्यातून आवाज जराही मोठा होत नव्हता, पण दिवा ढळत नव्हता, पुढच्या फेरीत गेलं.

हरकती ऐकण्यासाठी जाहीर सुनावणी ठेवली होती. उत्तरानं हरकत नोंदवली. तिच्या वाट्याला तीन मिनिटं आली.

पालिकेच्या सभागृहात व्यासपीठावर महापौर कडलग, दोन्ही बाजूंना अधिकारी. खाली नगरसेवक, पुरवठादार, वार्ताहर. पारखच्या शेजारी कौस्तुभ बसला होता. प्रत्येकाच्या कानामागं हिरवा ठिपका. देवदिवाळीला घाटावर पणत्या दिसाव्यात तसं सभागृह दिसत होतं. तिच्या आधीचे हरकतदार एकेक करून उठले, बोलले, बसले. पणत्या तेवत राहिल्या. एक अधिकारी खांद्यावर मान टाकून चक्क घोरत होता; त्याचाही दिवा तेवत होता.

उत्तरानं रात्री बसून मुद्दे काढले होते. लहरींचा आलेख आणला होता. जबड्याचं तर तिला सोप्यात सोपं करून सांगायचं होतं. ध्वनिक्षेपकापुढं उभी राहून तिनं सभागृहावर एकदा नजर फिरवली, कागद घडी करून पर्समध्ये ठेवले, आणि ती बोललीच नाही.

घड्याळ चालू झालं होतं. ती उभी राहिली.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. एक नगरसेवक सवयीनं मान डोलावत होता, तो डोलावत राहिला. वार्ताहर मोबाइलमध्ये काहीतरी टंकत होते. एका अधिकाऱ्यानं 'हं' म्हटलं. ध्वनिक्षेपकातून पंख्याचा बारीक घरघराट सभागृहभर पसरला होता आणि शंभरेक दिवे तो एकचित्तानं ऐकत होते. पारख कौस्तुभच्या कानाशी लागून काही सांगत होता. त्याचाही दिवा लागलेला, कौस्तुभचाही. मग कौस्तुभनं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी शंका आली आणि मग त्याला समजलं. त्यानं मान खाली घातली.

व्यासपीठावर कडलगला पहिल्या क्षणीच समजलं होतं. तो खुर्चीत पुढं झुकला, दोन्ही हातांवर हनुवटी टेकवून तिच्याकडं पाहत राहिला. त्यानं मान डोलावली नाही, चाळा केला नाही, तो शेजारच्याशी बोलला नाही. तिची तीन मिनिटं त्यानं एकट्यानं, पापणी न लववता, शेवटपर्यंत ऐकली. त्याच्या कानामागचा दिवा याबद्दल काहीही सांगू शकत नव्हता.

घंटा वाजली.

"रायरीकर ताईंनी अत्यंत मोलाचा मुद्दा मांडला," महापौर म्हणाला. "सभागृहाच्या वतीनं मी त्यांचे आभार मानतो. नोंद घ्या."

टाळ्या पडल्या. लिहिणाऱ्यानं नोंद घेतली, आणि पुढच्या हरकतदाराचं नाव पुकारलं गेलं.